मान पाहणाऱ्या इंगळे सिस्टर

इंगळे सिस्टर कुणाशीही बोलायला लागल्या की समोरच्याच्या तोंडाकडे पाहत नसत, मानेकडे पाहत. नवख्या माणसाला वाटे, बाईला आपली कॉलर मळकी दिसतेय. तो कॉलर चाचपून नीट करी. सिस्टर म्हणत, "राहू द्या बापू, कॉलर चांगली हाय," आणि पाहणं चालूच ठेवत. भाजी घेताना, स्टँडवर गाडीची वाट पाहताना, लग्नाच्या पंगतीत बसल्या असताना, कुठंही. मलकापुरात त्यांच्या ओळखीचा असा माणूस नसेल, ज्याच्या कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत त्यांची नजर एकदा तरी फिरली नाही. माझी मान त्यांनी पहिल्याच दिवशी पाहून घेतली होती, हे मला वर्षभरानं कळलं. "तुमच्या डाव्या आंगाले एक बारकी गाठ हाय," त्या सहज म्हणाल्या, "लहानपनची हाय. तिले काही करू नोका."

मी डॉक्टर, त्या नर्स. दवाखान्याच्या पाटीवर नाव माझं, खुर्ची माझी, सही माझी. आणि मानेतल्या गाठींबद्दल मला जे काही येतं त्यातलं निम्म्याहून जास्त त्यांनी शिकवलेलं. हे लिहायला आज मला काही वाटत नाही. तेव्हा मात्र जीभ रेटत नसे. पुढं मी सोनोग्राफी शिकलो, कितीतरी वर्षं लोकांच्या मानेवर प्रोब फिरवत बसलो, म्हणून मला गाठीतलं फार कळतं असा इकडं समज आहे. असू द्या. पण मशीन यायच्या आधी या बाईनं नुसत्या बोटांनी काय काय पाहून ठेवलं होतं ते सांगायला आता मीच उरलोय. आणि एक मान अशी होती की जिच्यात त्यांना काहीच सापडलं नाही. त्या एका मानेनं त्यांना पुढं कधी सुखानं जेवू दिलं नाही. तिथपर्यंत मी येतोच.

नागपूरहून शिकून मी मलकापूरला आलो तेव्हा महाराष्ट्र होऊन सहा-सात वर्षं झाली होती. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून नागपूरलाच राजधानी समजत. सरकारी कामासाठी आता उलट्या दिशेच्या गाडीत बसावं लागतं, याचा त्यांना मनापासून राग होता. स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आमचा धर्मादाय दवाखाना होता. चार खोल्या आणि एक पडवी, बाकी काही नाही. कापसाच्या हंगामात जिनिंगमधून उडालेला कापूस खिडकीतून आत येई आणि औषधांच्या बाटल्यांवर बसे. तो पुसता पुसता सिस्टर माझ्याकडे पाहून म्हणाल्या होत्या, "नवे डॉक्टर का? या. आदले डॉक्टर सहा महिने टिकले."

बुटकी अंगलट, पांढरं पातळ, घट्ट अंबाडा. मूळच्या लोणारकडच्या. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो लवकर गेला, मूलबाळ नाही. स्टेशनमागच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर आणि तिच्याखाली नखं कापायची कात्री खिळ्याला टांगलेली. नखं रोज कापत, रोज घासत. दवाखान्यातली कुणी पोरगी नखं वाढवून आली तर तिला दिवसभर मानेला हात लावू देत नसत.

मान पाहायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी सिरिंजा उकळायच्या भांड्याच्या झाकणावर दोन्ही तळवे शेकायचे. "थंडा हात लागला की मान आखडते, अन् आखडल्या मानीत गाठ दडते." मग पेशंटला स्टुलावर बसवून त्याच्या मागं उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. हनुवटीखाली, जबड्याच्या कडेनं, कानामागं, मग मानेच्या दोन्ही अंगांनी हळूहळू खाली. शेवटी गळ्याच्या हाडावरची खळगी; तिथं बोटं ठेवून माणसाला खोकायला लावत. आणि हे सगळं होत असताना तोंडानं गप्पा. गाय व्याली का, पोरीचं जमलं का, विहिरीला पाणी किती हाय. माणूस बोलण्याच्या नादात मान सैल सोडी. खळगीत काही लागलं की मात्र सिस्टरच्या गप्पा तिथंच थांबत. पेशंटला ते कळत नसे. मला कळायचं.

सुरुवातीला काही मोठ्या घरचे लोक कुरकुर करत. आपल्या मानेला हात लावणारी ही कोण, कुठली, वगैरे. सिस्टर झाकणावर हात शेकता शेकता म्हणत, "हात न लावता मान पाह्याची इद्या मले येत नाही. डॉक्टरले येत असन तं त्याइले इचारा." मला अर्थातच येत नसे. मग गृहस्थ मुकाट्यानं स्टुलावर बसत.

माझी आणि त्यांची पहिली चकमक झाली ती गफूर नावाच्या स्टेशनवरच्या हमालावरून. जबड्याखाली गाठ घेऊन आला. मी पाहिलं, गंडमाळ म्हणून सांगितलं. गंडमाळ म्हणजे मानेच्या गाठींचा टीबी. आमच्या भागात तेव्हा घरोघर. इंजेक्शनं लिहून दिली. गफूर उठणार तोच सिस्टर मागून म्हणाल्या, "डॉक्टर, ही गोल हाय."

"मग?"

"साधी गाठ शेंगदान्यावानी लांबट राह्यते. टीबीच्या गाठी घोळक्यानं राह्यतात, एकमेकीले चिकटून, अन् मंग मऊ पडतात. ही एकटी हाय, गोल हाय, अन् हालून नाही राह्यली. याच्या तोंडात पाह्यलं काय तुम्ही?"

पाहिलं नव्हतं. गफूरनं तोंड उघडलं. जिभेच्या कडेला, तंबाखू धरायच्या जागी, एक न भरलेली जखम होती. मी त्या बाईकडे पाहिलं नाही. गफूर मुंबईला गेला, जिभेची एक बाजू आणि मानेतल्या गाठी काढून आला, आणि पुढं कितीतरी वर्षं हलकी ओझी वाहत राहिला. सिस्टर दिसल्या की प्लॅटफॉर्मवरून काहीतरी ओरडे. शब्द कळत नसत, पण सिस्टर हात वर करत.

खूप वर्षांनी मी सोनोग्राफीच्या वर्गात बसलो होतो. सरांनी फळ्यावर दोन आकार काढले. एक लांबट, एक गोल. लांबट गाठ बहुधा निरुपद्रवी, म्हणाले, गोल झाली की संशय घ्या. सगळा वर्ग लिहून घेत होता आणि मी एकटाच हसलो. सरांनी कारण विचारलं. मी काहीतरी थाप मारली. शेंगदाणा कुठून समजावून सांगणार त्यांना.

आता त्यांचा एक नाद सांगतो, जो पाहून पहिल्यांदा मी त्यांना चक्रम ठरवलं होतं. रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी त्या टेबलावर स्वतःचा एक केस ठेवत, त्यावर जुन्या वर्तमानपत्राचा एक कागद पसरत, आणि डोळे मिटून बोटानं केस कुठं आहे ते शोधत. सापडला की वर दुसरा कागद. मग तिसरा. कितव्या कागदापर्यंत केस लागला तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहीत. सर्दी झालेली असली, उपास असला, रात्री झोप नसली की आकडा खाली येई. अशा दिवशी त्या सरळ सांगत, "आज माह्या बोटावर इश्वास ठेवू नोका. या मानसाले उद्या बोलवा." मी स्वतः लपून एकदा करून पाहिलं. दुसऱ्या कागदालाच माझा केस हरवला. त्या आठव्या-नवव्यापर्यंत जात. मी गुपचूप कागद आवरले आणि चक्रम हा शब्द मनातून काढून टाकला.

कॅन्सर हा शब्द त्यांनी पेशंटसमोर कधी उच्चारला नाही. शंका आली की एकच विचारत: "मुंबईले कोन हाय तुमचं?" म्हणजे उतरायला घर आहे का, सोबत कोण येईल, हे पाहायला. पण गावाला त्या प्रश्नाचा अर्थ बरोबर कळला होता. मोठमोठी माणसं त्या प्रश्नानं पांढरी पडत. काही जण घाईघाईनं "कोनीच नाही, कोनीच नाही" म्हणत, जसं काही मुंबईत कोणी नसलं की दुखणंही राहत नाही. एकदा सिस्टरचा भाचा मुंबईत नोकरीला लागला. त्याला लोणचं पाठवायचं म्हणून त्यांनी कापडदुकानात सहज शेठजींना विचारलं, "शेठ, मुंबईले कोन हाय तुमचं?" शेठजी हातातलं ठाण घेऊन तसेच खाली गादीवर बसले. त्यांना पाणी पाजावं लागलं. लोणचं शेवटी पोस्टानं गेलं.

असं ऐकून कुणाला वाटेल की बाई कधी चुकतच नसतील. चुकत. एका गुरवाला त्यांनी मुंबईला पाठवलं आणि तिथून तो हसत परत आला: साधा टीबी. गावात थोडी चेष्टा झाली. आपण असतो तर विषय बदलला असता. सिस्टरनी रजा टाकली, एसटीनं त्याच्या गावी गेल्या, ओसरीवर बसून चहा घेतला आणि म्हणाल्या, "तुमाले फुकट तरास देल्ला, माफ करा. आता एकडाव मान दाखवा." त्याच्या मागं उभ्या राहून त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ त्या गाठी चाचपल्या. मी सोबत होतो. परत येताना गाडीत मी विचारलं, आता कशाला पाहिलं? म्हणाल्या, "बोटाले त्याची चूक दाखवा लागते, डॉक्टर. नाही तं ते पुन्हा तेच करते."

अशा बाईच्या आयुष्यात उकर्डाबुवा आले.

वडनेर भोलजीचे उकर्डाबुवा शेतकरी, पण पंचक्रोशीत ओळख बिब्ब्याची. मानेत गाठ आली की लोक आधी त्यांच्याकडे जात. बुवा सुईनं बिब्बा तापवून त्याचं तेल गाठीवर फुलीसारखं ओढत. कातडी उतायची, पाणी सुटायचं, आग आग व्हायची, आणि माणसाला वाटायचं रोग बाहेर पडतोय. बुवा त्याबद्दल कुणाकडून सुपारीही घेत नसत. आमच्याकडे पेशंट यायचा तोवर मानेची अशी दशा झालेली असे की सिस्टरची बोटंसुद्धा थबकत. मी बुवांच्या नावानं खडे फोडायचो. पोलिसांत द्यावं, म्हणायचो.

सिस्टर एका बाजाराच्या दिवशी वडनेरला गेल्या. मला वाटलं भांडायला गेल्या. त्या दिवसभर बुवांच्या खळ्यात बसून आल्या. झालं होतं ते असं: त्यांनी बुवांना म्हटलं, बिब्बा घालायच्या आधी गाठ हलवून पाहता का? बुवा म्हणाले, नाही, कायले? मग सिस्टरनी खळ्यावरच्या चार माणसांच्या माना दाखवून बुवांना हात लावायला शिकवलं. हलते ती कशी, नाही हलत ती कशी, लांबट कोणती, गोल कोणती. ठरलं ते असं की गोल, कडक, न हलणारी असेल तर बिब्बा घालायचा नाही, आधी मलकापूरला आणायची.

"आणि बाकीच्यांना बिब्बा?" मी ओरडलो.

"आज एवढंच जमलं," सिस्टर म्हणाल्या. "बाकीचं पुढच्या बाजारी."

माझा काडीचा विश्वास नव्हता. पण पंधराच दिवसांनी बुवा स्वतः एका माणसाला एसटीत घालून घेऊन आले. गाठीवर बिब्ब्याचा डाग नाही. "पाहा बाई, मले गोल लागली." सिस्टरनी पाहिलं. गोलच होती. पुढं बुवा येतच राहिले. धोतर, खांद्यावर उपरणं, सोबत कुणीतरी मान वाकडी करून. त्यांची बोटं तयार होत गेली. सहासात वर्षांत बिब्बा कधी सुटला ते त्यांनाही कळलं नाही. मी त्यांना एकदा म्हटलं, बुवा, तुम्ही आमचे अर्धे डॉक्टर. तर कान धरून म्हणाले, "नाही बाप्पा. बाई म्हनन ते खरं. मी नुस्ता हात लावतो."

मग एका वर्षी पोळा झाल्यावर बुवा आपल्या सुनेला घेऊन आले. सिंधू तिचं नाव. तिशीच्या आतली, कामाची, हसरी पोर. आवाज बसला होता आणि घास गिळताना अडकल्यासारखं वाटे. बुवा अभिमानानं म्हणाले, "घरची हाय म्हनून काही केलं नाही बाई. पह्यले तुमच्याकडं आनलं."

सिस्टरनी हात शेकले. त्या दिवशीचा कॅलेंडरवरचा आकडा नऊ होता. मी नंतर मुद्दाम पाहिला. त्यांनी नेहमीसारखं सगळं पाहिलं, दोनदा पाहिलं. मीही पाहिलं. जबड्याखाली एक बारकी, मऊ, हलणारी गाठ, शेंगदाण्यासारखी. दुसरं काही नाही. घशात आतपर्यंत पाहायचं साधन माझ्याकडे नव्हतं. मी गुळण्या लिहून दिल्या. सिस्टर सिंधूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "काही नाही माय. घरी जा, काम कर." बुवांचा चेहरा उजळला. गाडीला वेळ होता, म्हणून सगळ्यांनी मिळून चहा घेतला.

संक्रांतीला बुवा तिला पुन्हा घेऊन आले. मानेच्या एका अंगाला लिंबाएवढी गाठ. कडक, खालच्या मांसाला धरलेली. सिस्टरनी हात लावला आणि लगेच काढून घेतला. मुंबईचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. रजा टाकली, पिशवी भरली आणि सिंधूसोबत स्वतः गाडीत बसल्या. महिनाभर तिथं राहिल्या. घशाच्या खालच्या भागातला कॅन्सर होता, गाठीत उतरलेला. दिवाळीच्या सुमारास आली असती तर काही करता आलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. सिंधू पाडव्याच्या आत गेली. मागं एक लहान मुलगी.

तेरावं झाल्यावर चौथ्या दिवशी बुवा दवाखान्यात आले. मी मनाशी शब्द जुळवत होतो. पण ते गावातल्या एका बाईला घेऊन आले होते. "बाई, हिच्या मानीले पाहा, मले बराबर नाही लागून राह्यलं." बस्स. सिंधूचं नाव नाही, तक्रार नाही, डोळ्यात पाणी नाही. त्या दिवशी सिस्टरचे हात झाकणावर कितीतरी वेळ होते. नंतरही बुवा येत राहिले आणि कधीही एका अक्षरानं त्यांनी सिस्टरला काही म्हटलं नाही. मी या माणसाच्या मोठेपणाची गोष्ट पुढं किती जणांना सांगितली असेल.

सिस्टरला मात्र तो मोठेपणा सोसत नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्या एकदा म्हणाल्या. सिंधूचा विषय त्या बुवांजवळ काढू शकत नव्हत्या, म्हणून माझ्याजवळ काढत. कधीही, मधेच. बँडेजं गुंडाळताना थांबून विचारत, "डॉक्टर, पोयाच्या टायमाले होती काय ती गाठ? होती अन् मले लागली नाही, का नव्हतीच?"

"नसेल, सिस्टर."

"नसन अन् नव्हती यात फरक हाय." आणि पुन्हा बँडेज.

हा प्रश्न त्यांनी मला दहा-बारा वर्षं विचारला. दरम्यान त्यांचा कॅलेंडरवरचा आकडा उतरत चालला होता. साखरेचं दुखणं लागलं होतं, बोटांना मुंग्या येत. एका सकाळी त्यांनी चौकोनात चार लिहिलं, माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "आजपासून मान मी पाहनार नाही. म्या शिकवलेल्या चौघी पोरी तयार हायेत." नोकरीची तीन वर्षं बाकी होती. ती त्यांनी ड्रेसिंग करून आणि सिरिंजा उकळून काढली. कुणी जुना पेशंट हट्टानं स्टुलावर येऊन बसला तर त्याला हाताला धरून उठवत आणि पोरींकडे नेत. इतकं नावाजलेलं काम आपल्या हातानं असं खाली ठेवणारा माणूस मी नंतर पाहिला नाही.

मी पन्नाशीला टेकलो तेव्हा धर्मादाय दवाखाना सोडून सोनोग्राफीची मशीन घेतली. गावात बातमी पसरली की डॉक्टरच्या मशीनमध्ये मानेच्या आतलं दिसतं. चार दिवसांनी सिस्टर आल्या. केस सगळे पांढरे. उंबऱ्यातूनच विचारलं, "खोलची दिसते काय?"

"दिसते."

"किती खोल?"

"मांसाच्या खालची, शिरेच्या बाजूची. सगळी."

त्या थोडा वेळ माझ्या मानेकडे पाहत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग मी बुवाले घेऊन येतो. त्याइच्या समोर पाह्याचं हाय मले. चूक माही असली तं त्याइले दिसली पाह्यजे." बुवा तेव्हा सत्तरीपार, डोळ्यांनी अधू. मी म्हटलं, कशाला त्या म्हाताऱ्याला त्रास. त्यांनी ऐकलं नाही. स्वतः वडनेरला जाऊन त्यांना घेऊन आल्या.

त्याच सकाळी एक शिंपी आला होता. आवाज बसलेला. मी त्याच्या मानेत खोलवर एक गाठ पाहिली होती आणि त्याला मुंबईची चिठ्ठी लिहून दिली होती. मी त्याला सिस्टरबद्दल सांगितलं. तो भला माणूस पुन्हा आडवा झाला. सिस्टरनी आधी स्वतः हात लावायचा म्हटलं. तयार केलेल्या पोरींपैकी एक आता माझ्याकडे होती, तिलाही लावायला सांगितला, कारण आपली बोटं गेली आहेत. पोरगी म्हणाली, काही नाही लागत. मग मी जेल लावून प्रोब ठेवला. पडद्याच्या काळ्या-पांढऱ्या रेघांतून मी त्यांना बोटानं दाखवलं: ही कातडी, हा मानेचा जाड स्नायू, ही धडधडते ती रोहिणी, आणि या सगळ्याच्या खाली, ही.

काळी, गोल.

सिस्टर पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. "गोल हाय," एवढंच म्हणाल्या. मग वळून पोरीला म्हणाल्या, "आता जागा मालूम झाली. आता शोध." पोरीनं बोटं रुतवली. तीनदा. नाही लागली. सिस्टरनी स्वतःही लावली. नाही.

"नाहीच लागणार," मी म्हणालो. "इथं कुणाचंच बोट पोचत नाही, सिस्टर. सिंधूची पोळ्याला इथंच असणार. नंतर ती वर आली."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांना उत्तर देता आलं होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला. बुवांना दिसत नव्हतं नीट, म्हणून त्यांच्याजवळ जाऊन त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बुवा, ते माह्या बोटाखाली नव्हतंच. आयकलं काय? नव्हतंच ते."

बुवांनी खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "बाई, वर आली तवा मले लागली होती."

"कवा?" सिस्टरनी विचारलं.

"दसऱ्याच्या दिवशी. सोनं द्याले पाया पडली, म्या मानीवर हात ठेवला. कडक होती. हालत नव्हती. तुम्ही शिकवली तशीच गोल."

"मंग संक्रांतीपावतर आनली काऊन नाही, बुवा?"

"तुम्ही 'काही नाही' म्हनल्या होत्या," बुवा म्हणाले. "तुमच्या शब्दावर माह्यं बोट कसं ठेवू? म्हनलं आपलंच बोट चुकून राह्यलं. रोज पाहो, अन् रोज म्हनो, बाईनं पाह्यलं हाय. तुमाले काय बोलू मंग मी. कोन्या तोंडानं बोलू."

ज्याला मी इतकी वर्षं मोठेपणा म्हणत आलो, तो हा होता. मला खाली पाहावंसं वाटलं. मला वाटलं सिस्टर आता कोसळतील, कारण नुकतंच उतरलेलं ओझं दुप्पट होऊन परत आलं होतं. त्या कोसळल्या नाहीत. बुवांसमोर स्टूल ओढून बसल्या.

"नाही बुवा, ते तुमचं नाही," त्या म्हणाल्या. "म्या तुमाले गाठ शिकवली. माह्यं न आयकाचं नाही शिकवलं. ते पह्यले शिकवाले पाह्यजे होतं." मग माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम दवाखान्यातला, जुना. "डॉक्टर, तुमची मशीन बी कोनाले 'काही नाही' म्हनन. तवा त्या मानसाले नुसतं घरी जा म्हनू नोका. महिन्यानं येजा म्हना. अन् मधात घरच्याच्या बोटाले काही लागलं, तं मशीनीचं आयकू नोका म्हना."

त्या दिवसापासून माझ्याकडून निघणाऱ्या प्रत्येक चांगल्या रिपोर्टच्या खाली मी या दोन ओळी हातानं लिहीत आलो. कुणी हसतात. डॉक्टरच म्हणतो माझं ऐकू नका. हसू द्या.

मी दारापर्यंत सोडायला गेलो. स्टँड समोरच होता. बुवांना रस्ता ओलांडवेना, ते दवाखान्याच्या पायरीवर बसले. सिस्टर त्यांच्या शेजारी बसल्या. नांदुऱ्याकडची एक गाडी आली नि गेली, दुसरीही गेली. तिसऱ्या गाडीला सिस्टर उठल्या, बुवांना हाताला धरून पलीकडे नेलं, खिडकीशी जागा पाहून बसवलं. बुवांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला होता. सिस्टरनी त्यावर आपला हात ठेवला आणि गाडी हलली तरी काढला नाही. चार पावलं गाडीबरोबर चालत गेल्या. त्या लवकरच लोणारकडे राहायला गेल्या; त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.